जपानहून आलेली पहिली गाडी : न्यूझीलंडमध्ये आयात डीलरकडून खरेदी करताना

न्यूझीलंडमध्ये नव्याने आलेल्या माणसाचे पहिले दोन-तीन महिने बस आणि रेल्वेवर निघतात. मग मुलांची शाळा, आठवड्याचा बाजार आणि पहाटेची पाळी जमवता जमवता गाडीवाचून भागत नाही हे उमगते. तेव्हा तो ज्या यार्डात जाऊन उभा राहतो, त्या यार्डातल्या बहुतेक गाड्या जपानमध्ये पाच-दहा वर्षे चालून, तिथल्या लिलावात विकल्या जाऊन, जहाजाने इथे आलेल्या असतात. दोन्ही देशांत वाहतूक डावीकडून चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. १९८० च्या दशकाच्या शेवटी इथल्या सरकारने आयातीचे नियम सैल केले आणि १९९८ मध्ये देशातली मोटारजोडणी पूर्ण थांबली, तेव्हापासून सामान्य कुटुंबाची गाडी म्हणजे जपानची वापरलेली गाडी, हे समीकरण पक्के झाले. भारतात वापरलेली परदेशी गाडी आणणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे असल्याने या बाजाराचा आपल्याला अनुभव नसतो आणि पहिली चूक तिथेच होते. आपण गाडी बघतो, कागद बघत नाही.

माझे सांगणे एवढेच आहे की आयात गाडीची जवळजवळ सगळी कहाणी कुठे ना कुठे लिहिलेली असते आणि ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पुढचा क्रम मी त्याच हिशेबाने लावला आहे.

पहिली पायरी : एकूण खर्च ठरवा

यार्डातल्या काचेवर मोठ्या अक्षरांत बहुधा आठवड्याचा हप्ता लिहिलेला असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत किंमत असते. हप्त्याकडे पाहू नका. गाडी रस्त्यावर येईपर्यंतची पूर्ण रक्कम किती, हा एकच प्रश्न विचारा, कारण किमतीपुढे ‘अधिक ऑन-रोड खर्च’ असे लिहिले असेल तर नोंदणी, नंबर प्लेट, वॉरंट ऑफ फिटनेस (सुरक्षा तपासणीचा दाखला) आणि डीलरची कागदपत्रांची फी असे सगळे त्यात मिळवले जाऊ शकते. आकडा तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा.

त्याच वेळी गाडीचा चालू खर्चही मांडा. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचा रस्ता-कर पेट्रोलच्या किमतीतच असतो. डिझेल गाडीला मात्र रोड युजर चार्ज, म्हणजे इथल्या बोलीतली आरयूसी, किलोमीटरच्या हिशेबाने आगाऊ विकत घ्यावी लागते. १ एप्रिल २०२४ पासून पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाड्यांनाही ती लागू झाली आणि तेव्हा दर १,००० किलोमीटरला ७६ डॉलर असा दर ठरला. स्वस्तातली निस्सान लीफ पाहून ‘आता पेट्रोलचा खर्च संपला’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा हिशेबात धरावा. डिझेल किंवा विजेची गाडी घेताना आधीची आरयूसी थकलेली नाही ना, हेही विचारावे.

विम्याबद्दल आपल्याकडच्या माणसाचा हमखास गैरसमज होतो. भारतात तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, इथे मोटार विमा सक्तीचा नाही. अपघातातल्या शारीरिक इजेचा खर्च एसीसी ही सरकारी व्यवस्था उचलते. पण तुमच्या गाडीने दुसऱ्याच्या महागड्या गाडीला धडक दिली, तर ती भरपाई तुमच्या खिशातून जाते. त्यामुळे विमा न घेण्याचा विचारही करू नका आणि गाडी नक्की करण्यापूर्वी विमा कंपनीला मॉडेल सांगून हप्ता विचारा. टोयोटा अ‍ॅक्वा आणि माझदा डेमिओ या लाडक्या छोट्या गाड्या इथे चोरांच्याही लाडक्या आहेत आणि जपानी बाजारासाठी बनलेल्या अनेक गाड्यांत कारखान्यातून इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा बंदोबस्त, बसवलेला नसतो. काही विमा कंपन्या तो बसवून घेण्याची अट घालतात. तो खर्चही गाडीच्या किमतीतच धरायला हवा.

दुसरी पायरी : विकणारा कोण आहे ते पाहा

मोटर व्हेइकल सेल्स अ‍ॅक्ट २००३ प्रमाणे गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने सरकारी नोंदवहीत नाव नोंदवणे बंधनकारक आहे. १२ महिन्यांत सहापेक्षा जास्त गाड्या विकणारा किंवा तीनपेक्षा जास्त गाड्या आयात करणारा माणूस व्यापारी आहे असेच कायदा धरून चालतो. ही नोंदवही ऑनलाइन खुली आहे. डीलरचे किंवा कंपनीचे नाव तिथे टाकून पाहायला दोन मिनिटे लागतात आणि ती दोन मिनिटे यार्डात जाण्याआधी काढावीत.

हे इतके महत्त्वाचे का, तर नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घरगुती वापरासाठी गाडी घेतली की कंझ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्ट १९९३ तुमच्या पाठीशी येतो. गाडी तिची किंमत, वय आणि धावलेले किलोमीटर पाहता समंजस माणसाला मान्य होईल अशा दर्जाची असली पाहिजे, ही हमी तो कायदा देतो आणि ‘आहे तशी घेतली’ असे पावतीवर लिहून घरगुती ग्राहकाची ही हमी डीलरला काढून घेता येत नाही. खाजगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण नाही. म्हणूनच काही लोक घराच्या अंगणातून, ‘माझ्या बायकोची गाडी आहे’ असे सांगत, ओळीने गाड्या विकतात. जाहिरातीवरच्या फोन नंबरवरून त्याच माणसाच्या आणखी चार गाड्या सापडल्या, तर तो खाजगी विक्रेता नाही. अशा माणसापासून दूर राहावे, मग तो आपल्या भाषेत कितीही गोड बोलो.

एक प्रकार वेगळा ओळखून ठेवा. काही एजंट तुमच्या वतीने जपानच्या लिलावात बोली लावतात आणि गाडी थेट तुमच्या नावावर आणून देतात. त्यात किंमत कमी पडू शकते. पण लिलावाचा आकडा, जहाजभाडे, सीमेवरची तपासणी, कंप्लायन्स (गाडी इथल्या नियमांत बसते याचे प्रवेश-प्रमाणीकरण), १५ टक्के जीएसटी, उत्सर्जनानुसार लागणारी रक्कम आणि एजंटची फी एवढे सगळे मिळवल्यावर खरी किंमत कळते. शिवाय अशा व्यवहारात एजंट तुम्हाला सेवा विकतो, गाडी नाही. गाडीत दोष निघाला तर ‘विक्रेता’ म्हणून कोणाला धरायचे, हा प्रश्न अवघड होऊन बसतो. पहिल्या गाडीसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

तिसरी पायरी : काचेवरचा कागद वाचा

डीलरच्या प्रत्येक वापरलेल्या गाडीवर ग्राहक माहितीचा एक ठरावीक तक्ता लावलेला असला पाहिजे. इथे सगळे त्याला सीआयएन म्हणतात. ऑनलाइन जाहिरातीतही तो दिसायला हवा. त्यात व्यापाऱ्याचे नाव, रोख किंमत, गाडीचे वर्ष, ओडोमीटरचा आकडा आणि गाडीवर कोणाचा कर्जाचा बोजा आहे का, हे लिहिलेले असते. आयात गाडीच्या बाबतीत सर्वांत मोलाची ओळ म्हणजे ‘आयात करताना गाडी नुकसान झालेली होती का’ ही. तिथे ‘हो’ असेल तर गाडी घेऊच नये असे नाही, पण काय मोडले होते आणि दुरुस्ती कोणी प्रमाणित केली, त्याचे कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. खरेदीच्या वेळी या तक्त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी. तक्ता लावलेलाच नसेल तर तेवढ्या कारणावरून मी यार्डातून बाहेर पडेन.

वर्षाबाबत एक बारकावा आहे. गाडी बनली ते वर्ष, जपानमध्ये पहिली नोंदणी झाली ते वर्ष आणि न्यूझीलंडमध्ये नोंदणी झाली ते वर्ष ही तीन वेगळी वर्षे असू शकतात. ‘२०२३ ची नोंदणी’ म्हणून दाखवलेली गाडी २०१४ ची असू शकते. जपानी देशांतर्गत गाडीला व्हीआयएन, म्हणजे गाडीचा १७ अक्षर-अंकी ओळख क्रमांक, नसून छोटा फ्रेम नंबर असतो. इथे प्रवेश-प्रमाणीकरणाच्या वेळी तिला ‘७एटी’ने सुरू होणारा नवा व्हीआयएन दिला जातो. फ्रेम नंबर जपून ठेवा, कारण पुढे सुटे भाग मागवताना आणि कंपनीने गाडी परत बोलावली आहे का ते तपासताना तोच लागतो. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगचे प्रकरण आठवत असेल. २०१८ मध्ये सरकारने इथे सक्तीने त्या गाड्या परत बोलावल्या होत्या. जुन्या आयात गाडीवर असे कुठलेही काम बाकी नाही ना, हे विचारलेच पाहिजे.

खाजगी खरेदीत पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत गाडीवरचा बोजा स्वतः तपासावा लागतो. खर्च दोन-तीन डॉलरचा असतो. डीलरकडून घेतानाही तो केला तर काही बिघडत नाही.

चौथी पायरी : जपानी लिलावपत्र मागा

इथेच खरा फरक पडतो, म्हणून थोडे सावकाश सांगतो. जपानच्या लिलावात प्रत्येक गाडीचे एक पानी तपासणीपत्र तयार होते. त्यावर एकूण दर्जाचा आकडा असतो. साडेचार म्हणजे उत्तम, चार म्हणजे चांगली, साडेतीन म्हणजे वापराच्या खुणा दिसणारी, आणि ‘आर’ किंवा ‘आरए’ म्हणजे अपघातानंतर दुरुस्त केलेली. त्याशेजारी आतल्या बाजूचा दर्जा ए, बी, सी अशा अक्षरांत असतो. खाली गाडीचे उलगडलेले चित्र असते आणि त्यावर खुणा केलेल्या असतात : ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे पत्रा ठोकून रंगवलेली जागा, ‘एस’ म्हणजे गंज, ‘एक्सएक्स’ म्हणजे बदललेला भाग. अक्षरापुढचा १, २, ३ हा आकडा दोष किती मोठा आहे ते सांगतो. बंपरवरचा ‘ए१’ सोडून द्यावा. पुढच्या दोन्ही मडगार्डांवर आणि बॉनेटवर ‘एक्सएक्स’ असेल तर समोरून काहीतरी आदळलेले आहे. किलोमीटरच्या आकड्याशेजारी तारा किंवा दुसरे कुठले चिन्ह असेल तर त्याचा अर्थ डीलरकडून लेखी घ्या.

वर्ष वाचताना गोंधळू नका. जपानी कागदावर बहुधा सम्राटाच्या कालखंडाचे वर्ष असते. हेइसेइ २७ म्हणजे १९८८ अधिक २७, म्हणजे २०१५. रेइवा ३ म्हणजे २०१८ अधिक ३, म्हणजे २०२१. हे एवढे गणित जमले की गाडी तुमच्याशी बोलू लागते.

याचा मला आलेला अनुभव सांगतो. माझ्या मामेभावाला पहिली गाडी घ्यायची होती आणि एका यार्डात त्याला चांदीच्या रंगाची एक हॅचबॅक फार आवडली होती. ओडोमीटर ७१,००० दाखवत होता, आतून गाडी लख्ख होती. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला तेव्हा चौकटीच्या आतल्या कडेला तेलबदलाचे एक छोटे जपानी स्टिकर दिसले. त्यावर शाईने २९.६ असे लिहिले होते, शेजारी ४८,००० आणि खालच्या ओळीत पुढच्या बदलासाठी ५३,०००. हेइसेइ २९ म्हणजे २०१७ चा जून. त्यानंतरचे एकही स्टिकर नव्हते, डॅशबोर्डच्या कप्प्यात सर्व्हिसची वही नव्हती, आणि गाडी त्यानंतर २३,००० किलोमीटर चालली होती. मी बॉनेट उघडून तेल भरायच्या झाकणाची खालची बाजू पाहिली; तिथे काळाकुट्ट चिकट थर बसला होता, बोटाला डांबरासारखा लागला. डीलर म्हणाला, ‘जपानी लोक गाडी नीटच ठेवतात.’ बहुतेक ठेवतात, हे खरेच आहे. ती गाडी तशी ठेवलेली नव्हती. मामेभावाने ती सोडली आणि दोन आठवड्यांनी दुसरीकडून कमी चकचकीत, पण २०२१ पर्यंतची सर्व्हिसची वही पूर्ण असलेली होंडा फिट घेतली.

लिलावपत्र देण्याची सक्ती डीलरवर नाही. तरी ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, तो ते काढून देतो. ‘हरवले’ हे उत्तर मिळाले तर पुढची तपासणी दुप्पट काळजीने करा.

पाचवी पायरी : गाडी थंड असताना बघा, चालवा

फोन करून आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे दाखवते, ते गरम झाल्यावर दाखवत नाही. २००९ नंतरच्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रिअसमध्ये हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलची, तक्रार परिचित आहे. थंड असताना इंजिन सुरू होताना गाडी थरथरली किंवा कूलंट कमी दिसले, तर तिथेच थांबावे. हायब्रिड गाडीत मागच्या सीटजवळ मोठ्या बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याची जाळी असते, तिच्यात कुत्र्याचे केस आणि धूळ अडकलेली आहे का ते वाकून बघा, कारण तापलेली बॅटरी लवकर मरते. लीफमध्ये डॅशबोर्डवरच्या बारा रेघांपैकी किती शिल्लक आहेत ते पाहा, शिवाय बॅटरीच्या आरोग्याची टक्केवारी यंत्र जोडून काढलेली मागा. एका चार्जवर आपले रोजचे अंतर हिवाळ्यात हीटर लावून पार पडेल का, हा हिशेब त्यावरून होतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाडीला चढावर नेऊन हळूच वेग वाढवा. धक्के बसता कामा नयेत.

गाडीखाली टॉर्च मारून बघा. होक्काइदो किंवा उत्तर होन्शूत वापरलेल्या गाड्यांना बर्फावर टाकलेल्या मिठाचा गंज लागलेला असतो. टायरवर डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असेल तर ते बर्फाचे टायर आहेत. ऑकलंडच्या ओल्या रस्त्यावर ते लवकर झिजतात, म्हणून साधे टायर बसवून मागावेत किंवा तेवढी रक्कम कमी करून घ्यावी.

बाकी गोष्टी लहान आहेत, पण रोज त्रास देतात. जपानी रेडिओची एफएम पट्टी इथल्यापेक्षा खालची, ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारी असते, त्यामुळे इथली अनेक एफएम केंद्रे कन्व्हर्टर बसवल्याशिवाय लागत नाहीत. नकाशा इथे निरुपयोगी असतो आणि पडद्यावरच्या सूचना जपानीत असतात. चावी एकच आहे का, हे अवश्य विचारा. स्मार्ट चावी पुन्हा बनवायला शेकडो डॉलर पडतात, म्हणून दुसरी चावी किमतीतच मागून घ्या.

सहावी पायरी : तटस्थ तपासणी

वॉरंट ऑफ फिटनेस म्हणजे गाडी उत्तम असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. ब्रेक, टायर, दिवे, गंज अशा सुरक्षेच्या गोष्टी त्या दिवशी ठीक होत्या, इतकेच ते सांगते. इंजिन किंवा गिअरबॉक्स किती दिवस टिकेल याच्याशी त्याचा संबंध नाही. विकताना ते एक महिन्याच्या आतले असावे असा नियम आहे, तो पाळून घ्या. त्यापलीकडे आपण निवडलेल्या मेकॅनिककडून खरेदीपूर्व तपासणी करून घ्यावी. डीलरने सुचवलेल्या गॅरेजमध्ये जाऊ नये. यासाठी साधारण दीड-दोनशे डॉलर लागतात. ते वाचवायचे नाहीत. डीलर गाडी बाहेर नेऊ देत नसेल तर घरी येऊन तपासणारे लोक यार्डातही येतात. त्यालाही नकार मिळाला तर उत्तर मिळालेच.

सातवी पायरी : पैसे आणि सह्या

आधी ठेव भरून गाडी अडवायची असेल, तर ‘तपासणी समाधानकारक झाली नाही तर ठेव परत’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्या. गाडी आवडली नाही म्हणून तीन दिवसांत परत करायची सोय इथल्या कायद्यात नाही. कर्जाच्या कराराला मात्र आहे : त्याची माहितीपत्रे मिळाल्यापासून पाच कामकाजी दिवसांत कर्ज रद्द करता येते. पण त्याने गाडीची खरेदी रद्द होत नाही, पैसे दुसरीकडून उभे करावेच लागतात. म्हणून आपल्या बँकेकडून कर्जाचा दर आधी विचारून जावे आणि यार्डातल्या टेबलावर पहिल्यांदाच व्याजाचा विचार करू नये.

त्याच टेबलावर यांत्रिक बिघाडाचा विमा पुढे केला जातो आणि तो बहुधा कर्जातच मिळवला जातो, म्हणजे त्यावरही व्याज चढते. त्यातले बरेचसे कंझ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्टने तुम्हाला फुकट मिळालेले असते आणि उरलेल्याला अटी फार असतात. माझे स्पष्ट मत आहे की पहिल्या दिवशी त्यावर सही करू नये. कागद घरी नेऊन वाचावा.

पैसे नोंदवहीत दिसलेल्या कंपनीच्याच खात्यात भरा. मग गाडी तुमच्या नावावर चढल्याची खात्री करून घ्या.

गाडी घेतल्यावर काही बिघडले तर

पहिली चूक आपण अशी करतो की ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त करून घेतो आणि बिल डीलरकडे पाठवतो. तसे करू नका. आधी डीलरला लेखी कळवा आणि योग्य मुदतीत दुरुस्तीची संधी द्या, कारण ती न देता केलेला खर्च मिळणे कठीण होते. दोष गंभीर असेल, म्हणजे आधी कळला असता तर समंजस माणसाने ती गाडी घेतलीच नसती असा असेल, तर गाडी नाकारून पैसे परत मागता येतात. मात्र त्यासाठी उशीर करू नये आणि गाडी हौसेने फिरवत राहू नये. डीलर दाद देत नसेल तर मोटर व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रायब्युनलमध्ये अर्ज करता येतो. १,००,००० डॉलरपर्यंतचे दावे तिथे चालतात. अर्जासोबत सीआयएनची प्रत, विक्रीचा करार, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, डीलरशी झालेले ईमेल आणि एका स्वतंत्र मेकॅनिकचा दोषाबद्दलचा लेखी अहवाल जोडावा. जाहिरात विक्रीनंतर काढून टाकली जाते, तेव्हा तिचा स्क्रीनशॉट पहिल्या दिवशी, गाडी बघायला निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा.